मानव्यविद्येतला प्रोग्रामर

साहित्य, इतिहास, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, पुरातत्त्व या विषयांच्या अभ्यासात संगणकाचा पद्धतशीर वापर करणाऱ्या क्षेत्राला डिजिटल मानव्यविद्या म्हणतात. जुन्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या संगणकावर तयार करणे, हस्तलिखितांतले पाठभेद ताडून पाहणे, वृत्तपत्रांच्या लाखो पानांतून एखाद्या शब्दाचा माग काढणे, पत्रव्यवहारावरून माणसांमधले संबंध मांडणे, जुन्या नकाशांवर महसुली नोंदी बसवणे अशी कामे त्यात येतात. या प्रत्येक कामामागे सॉफ्टवेअर असते आणि ते कोणीतरी लिहिलेले असते. संशोधकाचे नाव ग्रंथावर येते, संस्थेचे नाव संकेतस्थळावर येते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे नाव बहुतेकदा कुठेच येत नाही. अनुदानाची मुदत संपली की तोही जातो आणि मागे राहिलेला कोड कोणाला वाचता येत नाही. काही वर्षांत ज्या प्रणालीवर तो कोड चालत असतो ती कालबाह्य होते, सुरक्षेतल्या फटी उघड्या पडतात, आणि मोठा खर्च करून उभे केलेले साधन एक दिवस बंद पडते.

हा बिघाड यंत्रात दिसतो, पण त्याचे मूळ माणसे नेमण्याच्या आणि सांभाळण्याच्या पद्धतीत आहे. प्रकल्पाला पैसा मिळतो, माणसाला पद मिळत नाही. निष्कर्षाला श्रेय मिळते, साधनाला मिळत नाही. लेखाचे परीक्षण होते, कोडचे होत नाही. म्हणून या क्षेत्रातली साधने टिकवायची असतील तर ती घडवणाऱ्यांचा समुदाय उभा राहिला पाहिजे. समुदाय म्हणजे अधूनमधून भरणारे संमेलन नव्हे. एकमेकांचे काम तपासण्याची रीत, श्रेय नोंदवण्याचा नियम, नव्यांना शिकवण्याची सोय आणि ज्यावर संसार चालेल असे पद, या चार गोष्टी जिथे आहेत तिथे समुदाय आहे. यांतली एक जरी नसली तरी बाकीच्या फार काळ उभ्या राहत नाहीत.

अनामिक हात

या क्षेत्राची सुरुवात सहसा रोबेर्तो बूसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूपासून सांगितली जाते. सेंट थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञाच्या लॅटिन लेखनातील प्रत्येक शब्दाची संदर्भसूची करण्यासाठी बूसा १९४९ साली न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि कंपनीचे साहाय्य मिळवले. एक कोटीहून अधिक शब्दांची ही सूची पुढे १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत छापली गेली. पण ते शब्द छिद्रपत्रांवर उतरवण्याचे काम इटलीतल्या गाल्लाराते या गावातल्या केंद्रात प्रामुख्याने तरुण मुलींनी केले. त्यांना त्यासाठी रीतसर प्रशिक्षण दिले गेले. लॅटिन येत नसतानाही अचूक छिद्रे पाडण्याचे त्यांचे कसब असे होते की त्यावर सगळी सूची उभी राहिली. तरीही अनेक दशके छायाचित्रांत त्या दिसत राहिल्या आणि नावे मात्र कुठे नोंदली गेली नाहीत. जुलियान नायहन आणि मेलिसा टेरास यांच्या संशोधनामुळे अलीकडे त्यांपैकी काहींची ओळख पटली. क्षेत्राच्या पहिल्या मोठ्या प्रकल्पातच तंत्राचे काम करणारा वर्ग निनावी राहिला, आणि ही सवय पुढे मोडली नाही.

याच्या उलट बाजूचा दाखलाही याच इतिहासात आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पकिप्सी येथील व्हॅसर कॉलेजात अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ एकत्र जमले. ग्रंथ संगणकात साठवताना प्रत्येक प्रकल्प आपापली खूणपद्धती वापरत होता. एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी चालत नव्हता. ओवी कुठे संपते, तळटीप कुठली, संपादकाने दुरुस्त केलेला शब्द कोणता, हे नोंदवण्याची सामाईक पद्धत ठरवण्यासाठी 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' म्हणजे टीईआय हा उपक्रम तिथे सुरू झाला. त्याची पहिली संपूर्ण मार्गदर्शिका १९९४ साली प्रसिद्ध झाली, २००७ साली पाचवी मोठी आवृत्ती आली आणि तिची सुधारणा आजही चालू आहे. या उपक्रमाचे एक संपादक मायकल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे पुढे १९९८ साली मान्य झालेल्या एक्सएमएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मानकाचेही एक संपादक होते. जुन्या काव्याच्या आणि हस्तलिखितांच्या गरजांतून आलेला अनुभव अशा रीतीने साऱ्या महाजालाच्या उपयोगी पडला. टीईआय टिकली याचे कारण तिची मालकी कोणा एका प्रकल्पाकडे नव्हती. ती समित्यांनी, सभासद संस्थांनी आणि सतत वाद घालणाऱ्या वापरकर्त्यांनी सांभाळली.

एकट्याचे काम

विद्यापीठातल्या मानव्यविद्येच्या विभागात प्रोग्रामर आला तर तो बहुधा एकटाच असतो. विज्ञान शाखेत एखाद्या प्रयोगशाळेत चार-पाच जण कोड लिहीत असतात. इतिहासाच्या विभागात तो एकटाच तंत्रज्ञ. त्यामुळे प्रिंटर बिघडला तरी त्यालाच हाक मारली जाते आणि शिलालेखांचा डेटाबेस उभारायचा तरी त्यालाच. त्याचा कोड दुसरा कोणी वाचत नाही, कारण वाचू शकेल असा दुसरा कोणी इमारतीत नसतो. त्याला प्रश्न पडला तर विचारायला जागा नसते: संगणकशास्त्राच्या विभागाला पाठभेद म्हणजे काय हे ठाऊक नसते आणि प्राच्यविद्येच्या विभागाला डेटाबेस म्हणजे काय हे.

या माणसाला क्षेत्रात स्थान काय, यावर २०११ साली मोठा वाद झाला. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात स्टीफन रॅमसे यांनी, डिजिटल मानव्यविद्येचा अभ्यासक म्हणवून घ्यायचे तर काहीतरी घडवता आले पाहिजे, कोड लिहिता आला पाहिजे, अशा अर्थाची भूमिका मांडली. त्यावर बरीच टीका झाली. कोड न लिहिणाऱ्यांना बाहेर ठेवणारी ही भूमिका आहे, असा मुख्य आक्षेप होता. पण या वादात दोन्ही बाजू प्राध्यापकाबद्दलच बोलत होत्या. ज्याचे कामच कोड लिहिणे आहे, जो प्राध्यापक नाही आणि होऊ इच्छित नाही, त्याच्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. प्राध्यापकाने थोडा कोड शिकावा हे चांगलेच. पण त्यातून दहा वर्षे चालेल असे सॉफ्टवेअर निर्माण होत नाही. त्यासाठी चाचण्या लिहाव्या लागतात, आवृत्त्यांची नोंद ठेवावी लागते, बदलत्या प्रणालींबरोबर कोड बदलावा लागतो. हा पूर्णवेळ व्यवसाय आहे, जोडधंदा नाही.

दोन उदाहरणे

प्रोजेक्ट बॅम्बू आणि झोटेरो ही दोन नावे शेजारी ठेवली की समुदायाचा प्रश्न स्पष्ट होतो. बॅम्बूचे नियोजन २००८ साली मेलन फाउंडेशन या अमेरिकी अनुदानसंस्थेच्या पैशावर सुरू झाले. पुढाकार बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि शिकागो विद्यापीठ यांचा होता. मानव्यविद्येच्या सर्व शाखांना लागणाऱ्या संगणकीय सेवा एकाच सामाईक पायावर उभारायच्या, अशी महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी मोठ्या कार्यशाळा झाल्या. अनेक विद्यापीठांतून अभ्यासक, ग्रंथपाल आणि तंत्रज्ञ आले. पण अभ्यासकांना आपल्या विषयाचे प्रश्न सुटायला हवे होते, तंत्रज्ञांना सेवांची रचना ठरवायची होती, आणि दोघांची भाषा शेवटपर्यंत जुळली नाही. पायाभूत रचना उभी राहण्याआधी ती वापरणारे आणि सांभाळणारे लोक कोण, हे ठरले नाही. काही वर्षांत निधी थांबला आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

झोटेरोची सुरुवात त्या मानाने लहान होती. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने २००६ साली संदर्भ गोळा करून तळटिपा तयार करणारे एक मुक्तस्रोत साधन काढले. प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ देण्याची पद्धत वेगळी असते. त्या सगळ्या पद्धती केंद्रातल्या चार माणसांनी लिहिणे अशक्य होते. म्हणून पद्धती लिहिण्याची एक खुली भाषा वापरली गेली आणि जगभरच्या वापरकर्त्यांनी आपापल्या नियतकालिकाची पद्धत लिहून द्यायला सुरुवात केली. आज अशा १०,००० हून अधिक पद्धती उपलब्ध आहेत. पाठवलेली पद्धत कोणीतरी तपासतो, चुका दाखवतो, मगच ती सामील होते. बॅम्बूने इमारत आधी आखली आणि माणसे नंतर शोधली. झोटेरोने एक उपयोगी खोली बांधली, दार उघडे ठेवले आणि आत आलेल्यांना काम दिले. समुदाय घोषणेने जमत नाही. हातात घेता येईल एवढे छोटे आणि नेमके काम समोर असले की तो जमतो.

दुसऱ्याची नजर

समुदायाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे परस्परतपासणी. व्यावसायिक सॉफ्टवेअर कंपनीत एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याखेरीज सहसा पुढे जात नाही. मानव्यविद्येतल्या एकट्या प्रोग्रामरला हा दुसरा मिळत नाही. त्याचा परिणाम काय होतो हे मराठीच्याच उदाहरणावरून दाखवता येते.

मजकुरातले शब्द मोजण्यासाठी पायथन या भाषेत एक अगदी रुळलेली युक्ती आहे: अक्षरे आणि अंक यांची सलग साखळी म्हणजे एक शब्द. इंग्रजीला ती चालते. पण पायथनच्या मूळ साधनात काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही चिन्हे अक्षरांत मोजली जात नाहीत. त्यामुळे साखळी प्रत्येक मात्रेपाशी तुटते. 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. मजकुराच्या विश्लेषणासाठी सर्रास वापरले जाणारे सायकिट-लर्न हे साधन आपल्या मूळ मांडणीत एकाक्षरी तुकडे टाकूनही देते. म्हणजे शेवटी उरतो फक्त 'मर'. प्रोग्राम कुठेही अडत नाही, चूक झाल्याचा संदेश येत नाही, तक्ते आणि आलेख सुबक निघतात. आणि ते सर्व चुकीचे असतात.

दुसरे उदाहरण आणखी बारीक आहे. 'दऱ्या' मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात लिप्या साठवण्याच्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी नुक्त्याचा र हे वेगळे अक्षर वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. 'मजकूर स्वच्छ करणारा' एखादा प्रोग्राम न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतो, आणि दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या खोल जागा समुद्रात जमा होतात. 'आचाऱ्याला' दिलेली शिधासामग्री याच मार्गाने 'आचार्याला' मिळते. एखाद्या संस्थानाच्या हिशेबवह्यांचा अभ्यास चालू असेल तर ही चूक गमतीची राहत नाही. स्वयंपाकघराचा खर्च धर्मादायात धरला जातो.

अशा चुका मराठी जाणणाऱ्या आणि कोड वाचू शकणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या नजरेला चटकन दिसतात. एकट्याला त्या वर्षानुवर्षे दिसत नाहीत. नेमका हाच दुसरा माणूस मिळवून देण्याचा प्रयत्न आंतरराष्ट्रीय पातळीवर डीएचटेक या गटाने केला आहे. डिजिटल मानव्यविद्येच्या संघटनांची जी जागतिक आघाडी आहे, तिचा हा विशेष गट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे. एका विद्यापीठातल्या एकट्या प्रोग्रामरने आपला कोड पुढे ठेवायचा आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या कोणीतरी तो वाचून शेरे द्यायचे, अशी व्यवस्था या गटाने उभी केली. यात पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि आपले अपुरे काम परक्याला दाखवण्याची तयारी. ही तयारी मानव्यविद्येच्या परंपरेत कमी आहे, कारण तिथे पूर्ण झालेला ग्रंथच लोकांसमोर ठेवायची रीत आहे. प्रोग्रामरांच्या जगात अर्धवट काम उघडे ठेवणे हीच रीत आहे. दोन्ही संस्कृतींमधला हा भेद ओळखून परीक्षण सौम्य, नेमके आणि व्यक्तीऐवजी कामाबद्दल ठेवावे लागते.

शिकवण्याच्या बाजूने 'द प्रोग्रामिंग हिस्टोरियन' हा दाखला महत्त्वाचा आहे. २००८ साली विल्यम टर्केल आणि अ‍ॅलन मॅकएकर्न या दोन इतिहासकारांनी तो सुरू केला, आणि २०१२ पासून तो अनेकांनी मिळून चालवलेले खुले प्रकाशन झाला. त्यातला प्रत्येक पाठ उघड परीक्षणातून जातो. आज तो इंग्रजीबरोबर स्पॅनिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत आहे. स्पॅनिशमध्ये तो नुसता अनुवादित होऊन थांबला नाही. लॅटिन अमेरिकेतल्या लेखकांनी स्वतःचे पाठ लिहिले. शिकणाऱ्यांतून लिहिणारे तयार होणे ही समुदाय जिवंत असल्याची खूण आहे.

श्रेयाचा हिशेब

माणूस क्षेत्रात राहतो की बाहेर जातो, हे बऱ्याच अंशी श्रेयावर ठरते. २०११ साली मेरीलँड विद्यापीठातल्या एका कार्यशाळेत सहयोगींच्या हक्कांचा एक जाहीरनामा तयार झाला. प्रकल्पात ज्याने जे काम केले त्याचे त्या कामासह नाव द्यावे, आणि प्रकल्प सोडून गेल्यावरही ते नाव पुसू नये, असा त्याचा आशय आहे. पुढच्या दशकात यासाठी साधनेही आली. २०१६ साली सुरू झालेल्या 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' या नियतकालिकात सॉफ्टवेअरच परीक्षणासाठी पाठवता येते आणि स्वीकारले गेले की त्याचा रीतसर संदर्भ देता येतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सुरू झालेले सॉफ्टवेअर हेरिटेज हे संग्रहालय सार्वजनिक कोड कायमचा जतन करते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर २०२१ पासून संदर्भाची माहिती कोडसोबत ठेवण्याची सोय आहे.

सोय असली तरी नियम बदलल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या संशोधनाला गुण देण्यासाठी शोधनिबंध, ग्रंथ, अनुवाद, ई-सामग्री, पेटंट असे रकाने आहेत. संशोधनासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र रकाना नाही. मोडी कागदपत्रे वाचणारा प्रोग्राम लिहिण्यात दोन वर्षे घालवणाऱ्यापेक्षा दोन सामान्य निबंध छापणारा या हिशेबात पुढे जातो. अशा स्थितीत तरुण अभ्यासकाने सॉफ्टवेअरकडे पाठ फिरवली तर दोष त्याचा नाही.

पद आणि पगार

ब्रिटनमध्ये हा पेच सोडवण्याचा मार्ग एका नव्या पदनामातून निघाला. संशोधनासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' म्हणावे, ही कल्पना २०१२ साली सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटच्या एका कार्यशाळेत पुढे आली. तोवर हीच माणसे संशोधन-साहाय्यक, तांत्रिक कर्मचारी, कंत्राटी प्रोग्रामर अशा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली होती. नाव एक झाल्यावर ती एकमेकांना सापडली, संघटना झाली, परिषदा भरू लागल्या आणि २०१९ साली तिचे नोंदणीकृत संस्थेत रूपांतर झाले. विद्यापीठांना या नावाने जाहिराती काढता येऊ लागल्या. ही चळवळ मुख्यतः भौतिकशास्त्र, जीवशास्त्र अशा विज्ञानांतून आली, पण मानव्यविद्येने तिच्यातून बरेच घेतले.

त्याचे सर्वांत ठोस उदाहरण म्हणजे लंडनच्या किंग्ज कॉलेजातली किंग्ज डिजिटल लॅब. २०१५ साली स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेच्या वाट्याला आधीच्या केंद्रांनी दोन दशकांत उभे केलेले सुमारे १०० प्रकल्प आले. काहींचे संशोधक निवृत्त झाले होते, काहींचे अनुदान केव्हाच संपले होते, आणि जुने सर्व्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे झाले होते. प्रयोगशाळेने प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र विचार केला. काहींसाठी मुदत आणि खर्च ठरवून देखभालीचे लेखी करार केले, काही साध्या स्थिर पानांत रूपांतरित केले, काही जतन करून बंद केले. त्याचबरोबर विश्लेषक, अभियंता, रचनाकार आणि प्रकल्प-व्यवस्थापक या पदांसाठी बढतीच्या पायऱ्या लिहून काढल्या. जुना वारसा सांभाळणे शक्य झाले ते तिथे स्थायी माणसे होती म्हणून. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचा एंडिंग्ज प्रकल्पही याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहतो: प्रकल्प सुरू करतानाच त्याचा शेवट ठरवा, आणि सर्व्हरवरच्या डेटाबेसशिवाय चालेल अशा साध्या रूपात तो प्रसिद्ध करा, म्हणजे माणूस गेला तरी काम वाचता येईल.

निधीवर पूर्ण भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत दिसले. तिथल्या मानव्यविद्या निधीने, म्हणजे एनईएचने, आधी मंजूर केलेली अनुदाने मोठ्या संख्येने एका फटक्यात रद्द केली. ज्या डिजिटल प्रकल्पांचे प्रोग्रामर पूर्णपणे या अनुदानावर होते त्यांना धक्का बसला. ज्यांचा कोड खुला, नोंदलेला आणि इतरांच्या वाचनातला होता, त्यांचे काम निदान दुसऱ्या कोणाला उचलता येते.

भारत आणि मराठी

भारतात या क्षेत्रातले एक मोठे काम बंगालीत झाले. जादवपूर विद्यापीठाने २०१३ साली 'बिचित्रा' हा रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचा पाठसंग्रह खुला केला. हस्तलिखिते आणि छापील आवृत्त्या मिळून त्यात सुमारे १ लाख ३९ हजार पाने आहेत. त्यासाठी 'प्रभेद' नावाचे पाठभेद ताडणारे सॉफ्टवेअर तिथेच लिहिले गेले; प्रकरण, परिच्छेद आणि शब्द अशा तीन पातळ्यांवर ते तुलना करते. साहित्याचे संपादक आणि सॉफ्टवेअर लिहिणारे एका छताखाली असल्यामुळे ते शक्य झाले. मल्याळममध्ये 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या स्वयंसेवी गटाने टंक, शब्दशुद्धीची साधने आणि लिपीविषयक दुरुस्त्या दीर्घकाळ मुक्तस्रोत पद्धतीने सांभाळल्या आहेत. विद्यापीठाबाहेरही समुदाय उभा राहू शकतो, हे त्यातून दिसते.

मराठीत सामग्री आहे, प्रोग्रामर आहेत, अभ्यासक आहेत. त्यांना जोडणारी वीण विरळ आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येतील अशा रूपात शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात आहेत. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने २०२२ साली महाकॉर्पस हा भाषासंग्रह आणि त्यावर शिकवलेली भाषा-प्रतिमाने खुली केली. हे काम मोलाचे आहे, पण महाजालावरच्या आजच्या मजकुरावर शिकलेले प्रतिमान यादवकालीन गद्य किंवा पेशवाईतला पत्रव्यवहार कसा वाचेल, हे तपासायला जुन्या मराठीचा जाणकार शेजारी बसावा लागतो. असा शेजार सध्या योगायोगावर अवलंबून आहे.

मोडीचे काम याची कसोटी आहे. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली. म्हणजे संगणकाला ती साठवता येऊ लागली. वाचता येणे ही वेगळी गोष्ट. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळलेला नसतो. आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली मजकूर लिहिण्याच्या पद्धतीमुळे शब्द सुटे नसतात. एक ओळ कुठे तोडायची हे ठरवायला तत्कालीन दफ्तराची भाषा, फारसी संज्ञा, तारखा लिहिण्याची सुहूर सन पद्धत ठाऊक असावी लागते. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कागदपत्रांची गाठोडी, या ज्ञानाशिवाय कोणत्याही यंत्राला उलगडणार नाहीत, आणि कोडशिवाय माणसांना एका पिढीत वाचून होणार नाहीत.

मिळून काम करण्याची पद्धत मराठी विद्वत्तेला परकी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. १,२५९ हस्तलिखिते तिच्यासाठी विचारात घेतली गेली. ताडून पाहण्याच्या कामासाठी शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही केंद्रे होती. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादनाची तत्त्वे आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली, म्हणून त्यांच्या १९४३ मधल्या निधनानंतरही इतरांना काम पुढे नेता आले. लिखित पद्धत, ठरलेली विभागणी आणि एका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब चालणारी संस्था, हे तिन्ही तिथे होते. सॉफ्टवेअरला याहून वेगळे काही लागत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की विद्यापीठाने प्रोग्रामर बाळगण्यापेक्षा काम कंपनीला द्यावे. संकेतस्थळ तयार करून घ्यायचे असेल तर ते ठीक आहे. पण संशोधनाचे सॉफ्टवेअर प्रश्नाबरोबर बदलते. आज पाठभेद कसा मोजायचा हे ठरते आणि पुढच्या महिन्यात तो निर्णय चुकीचा वाटतो. निविदेत आधी लिहिता येईल असे हे काम नसते. शिवाय कोड कंपनीकडे राहिला तर संशोधनाची पद्धतच तपासता येत नाही.

दुसरा आक्षेप ताजा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता आता कोड लिहून देते, मग माणसांचा समुदाय कशाला? कोड लिहिणे स्वस्त झाले हे खरे. पण ही यंत्रे इंग्रजीसाठी रुळलेल्या युक्त्यांवर शिकलेली आहेत, आणि 'मराठी'चा 'मर' करणारी ओळ त्यांतलीच एक आहे. लिहिणे सोपे झाले की तपासणीची गरज वाढते, कारण कोणी न वाचलेला कोड अधिक प्रमाणात तयार होऊ लागतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समुदाय स्वयंसेवेवर चालतो; म्हणजे ज्यांना आधीच कमी पगार आणि कमी श्रेय आहे, त्यांच्यावरच परीक्षणाचा, शिकवण्याचा आणि देखभालीचा जादा भार टाकला जातो. ज्यांच्याकडे मोकळा वेळ आहे, म्हणजे बहुधा श्रीमंत विद्यापीठांतली स्थायी माणसे, तीच पुढे येतात. हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर समुदायाकडे नाही, संस्थांकडे आहे. परीक्षणात आणि सामाईक साधनांत घालवलेला वेळ नोकरीच्या कामात धरला गेला पाहिजे. समुदाय पदांची जागा घेऊ शकत नाही. मात्र कोणती पदे हवीत, त्या पदावरच्या माणसाने काय करावे आणि त्याचे काम कसे जोखावे, हे समुदायाशिवाय कोणालाच सांगता येत नाही; रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदाचा इतिहास तेच दाखवतो.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर ग्रंथांचे जतन व संशोधन यांसाठी नव्या प्रकल्पांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. अशा प्रत्येक प्रकल्पाला निधी देताना पाच अटी घालता येतील: कोड खुला ठेवावा, तो लिहिणाऱ्यांची नावे कामासह द्यावीत, प्रकल्पाबाहेरच्या निदान एका जाणकाराने तो वाचलेला असावा, देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, आणि प्रकल्प कसा संपेल हे सुरुवातीलाच लिहून द्यावे. विद्यापीठांनी मानव्यविद्येच्या शाखेत सॉफ्टवेअर अभियंत्याचे एक तरी स्थायी पद निर्माण करावे. निधीच्या त्या पाच अटींना मोठा खर्च येत नाही. त्या पाळल्या नाहीत तर प्रत्येक पिढी तोच मजकूर पुन्हा टंकेल आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा लिहील.